कावडीवरच्या शेवया

दिवाळीचे चार दिवस सरतात, फराळाचे डबे तळाला लागतात, आणि भाऊबीजेनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी घरोघर एक पेच उभा राहतो. गोड कुणालाच नको असते. तळलेले नको असते. पोळी-भाजीचे नाव काढले तर मंडळींचे चेहरे असे होतात, की जणू आपण त्यांना एरंडेलाची बाटलीच दाखवली! ऑफिसातून परतलेली स्वारी चपला काढता काढता म्हणते, "आज काहीतरी झणझणीत होऊन जाऊ दे." आणि 'झणझणीत' या शब्दाला घरातल्या पंधरा वर्षांखालील प्रजेच्या कोशात एकच अर्थ आहे: चायनीज नूडल्स.

मग मोबाईल पुढे येतो. चाळीस-पन्नास मिनिटांनी दारावरची घंटा वाजते आणि डब्यातून जे बाहेर पडते, ते वाफेने घामाघूम झालेले, एकमेकांना घट्ट बिलगलेले, वर तेलाचा तवंग आणि खाली पाणी असे काहीतरी असते. चौघांच्या त्या जेवणाच्या पैशांत घरची आठवड्याची भाजी आली असती, हा हिशेब गृहिणी मनातल्या मनात करते आणि गप्प बसते. दुसऱ्या वेळी ती कंबर कसते आणि घरीच नूडल्स करते. त्या तर डब्यातल्यापेक्षाही अधिक प्रेमाने एकमेकींना चिकटतात! "गाडीवरच्यासारख्या नाही झाल्या," असा निकाल ताटावर बसलेले न्यायाधीश देतात, आणि करणारीला वाटते, आपल्या हातालाच ती चव नाही.

वाचक भगिनींनो (आणि अलीकडे स्वयंपाकघरात मनापासून वावरणाऱ्या बंधूंनो), दोष हाताचा नाही. दोष असलाच तर तो चुलीचा आहे.

चौकातल्या चायनीजच्या गाडीकडे एकदा नीट पाहा. त्या भटारखान्यातली शेगडी सों सों आवाज करीत असते आणि तिची ज्योत कढईच्या कडा चाटून वर येत असते. आपल्या घरच्या गॅसच्या कित्येक पट उष्णता तिथे क्षणाक्षणाला लोखंडात शिरते. कोबी, गाजर, सिमला मिरची त्या कढईत पडली, की त्यांना सुटलेले पाणी तिथल्या तिथे उडून जाते आणि भाजी करकरीत राहते. घरी आपण तीच भाजी चौघांच्या मापाने एकदम कढईत लोटतो. भाजीला पाणी सुटते आणि ते उडवण्यातच आपल्या गॅसची सारी शक्ती खर्च होते. पाणी जोवर आहे, तोवर कढईतली उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जाऊच शकत नाही, हे शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान इथे आठवावे. म्हणजे आपण परतत नसतो, उकडत असतो! त्यात वरून नूडल्स पडल्या, की त्या ते पाणी पितात, फुगतात आणि लगदा होतो.

तेव्हा गाडीवाल्याशी स्पर्धा करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याची चूल आपल्याकडे नाही आणि ती घरात आणूही नये. मात्र चिनी माणसाने तिखट नूडल्सचा एक प्रकार असा काढून ठेवला आहे, की ज्याला मोठी आच लागतच नाही. कामाच्या दिवशी रात्री पंचवीस मिनिटांत होणारा हाच प्रकार यंदा सांगायचा आहे. पण त्याआधी गाडीवरच्या 'चायनीज'चे कूळ थोडे पाहून घेऊ, कारण 'खरे चायनीज' आणि 'खोटे चायनीज' असा वाद पुष्कळ घरांत रंगतो, आणि त्यात दोन्ही पक्ष अर्धवट माहितीवर भांडत असतात.

बाजारात पाकिटावर 'हाक्का नूडल्स' असे लिहिलेले आपण वाचतो. हाक्का हे पदार्थाचे नाव नव्हे, ते माणसांचे नाव आहे. दक्षिण चीनमधल्या या समाजाच्या नावाचा अर्थच मुळी 'पाहुणे कुटुंब' असा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक कलकत्त्यात येऊन राहू लागले. त्यांतल्या हाक्कांनी पुढे टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या कित्येक कुटुंबांना राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत इथेच जन्मलेली मुलेबाळेही होती. पुष्कळजण सुटल्यावर देश सोडून गेले. जे राहिले, त्यांच्या कारखान्यांनाही १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने टांगऱ्यातून हलावे लागले. टांगऱ्याचे नाव आज खाणावळींसाठी घेतले जाते. आपण ज्याला सर्रास 'चायनीज' म्हणतो, ते बरेचसे या पाहुण्यांनी आपल्या जिभेकडे पाहून बेतलेले अन्न आहे. मुंबईत त्याला आणखी एक वळण मिळाले. 'मंचुरियन' हा पदार्थ कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केला, असे सांगितले जाते. कोंबडीच्या तुकड्यांना आले, लसूण, हिरवी मिरची यांची आपली ओळखीची फोडणी आणि वर सोया सॉस! मंचुरियात हा पदार्थ कोणी शोधू गेला, तर रिकाम्या पोटी परत येईल. पण म्हणून तो खोटा ठरत नाही. तो मुंबईचा आहे, इतकेच.

तीच गोष्ट 'शेजवान'ची. हे सिचुआन या चिनी प्रांताच्या नावाचे आपल्या गाडीवर झालेले रूप. लाल मिरच्या, भरपूर लसूण, व्हिनेगर आणि साखर यांची ती तांबडी चटणी हल्ली डोशात, वड्यात, सामोशात कुठेही शिरते. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. गंमत एवढीच, की सिचुआनच्या स्वयंपाकाला ज्या एका जिनसेने सिचुआनपण येते, नेमकी तीच या शेजवान चटणीत नसते. आणि त्याहून मोठी गंमत अशी, की त्या जिनसेची सख्खी चुलत बहीण आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. तिचे नाव तिरफळ!

मालवणकडच्या वा गोव्याकडच्या वाचकांना तिरफळाची ओळख करून देण्याची गरज नाही. बांगड्याच्या कालवणाला, काही कडधान्यांच्या आमट्यांना जो रानटी, लिंबाच्या सालीसारखा सुगंध येतो, तो याचा. इतरांसाठी सांगते: काटेरी झाडाला घोसांनी लागणारे हे फळ वाळले, की तपकिरी होऊन उकलते आणि आत काळेभोर चकचकीत बी दिसते. ते बी फेकून द्यायचे असते आणि टरफल वापरायचे असते. दाताखाली आले, की जिभेला मुंग्या येतात. सिचुआनमध्ये ज्याला आपण सोयीसाठी सिचुआन मिरी म्हणू, ते फळ याच कुळातले, अगदी एकाच प्रजातीगटातले. झँथॉक्सिलम हे दोघांचे शास्त्रीय आडनाव. मिऱ्याशी दोघांचेही नाते नाही. नाते आहे ते लिंबू, बेल आणि आपला कढीपत्ता यांच्याशी. ही सारी एकाच मोठ्या घराण्यातली मंडळी. या नात्यापायी सिचुआन मिरीला शिक्षाही भोगावी लागली. लिंबू-संत्र्यांच्या झाडांवरचा रोग तिच्याबरोबर येईल, या भीतीने अमेरिकेने १९६८ पासून २००५ पर्यंत तिच्या आयातीवर बंदी घातली होती.

सिचुआनी लोक या चवीला 'मा-ला' म्हणतात. (आपल्या फुलांच्या माळेशी याचा संबंध नाही!) 'मा' म्हणजे जिभेचा बधिरपणा आणि 'ला' म्हणजे तिखटपणा. मुंग्या आणि तिखट हातात हात घालून आले, की तिखट जाळते खरे, पण बोचत नाही. लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली या मुंग्यांचे मापच काढले. ओठांवर सिचुआन मिरी लावली असता सेकंदाला सुमारे ५० कंपने व्हावीत, तशी ती जाणीव असते, असे त्यांना आढळले. आपल्या घरातल्या विजेची कंपनेही सेकंदाला ५० च. जिभेला 'करंट' लागल्यासारखे वाटते, असे मुले म्हणतात ते अगदीच चुकीचे नाही म्हणायचे!

असो. आता त्या पदार्थाकडे वळू. सिचुआनमध्ये त्याला 'दान्‌दान म्येन' म्हणतात. 'म्येन' म्हणजे नूडल्स आणि 'दान' म्हणजे खांद्यावरून न्यायची ती दांडी, जिच्या दोन्ही टोकांना ओझे टांगलेले असते. मराठीत याला अगदी चपखल शब्द आहे: कावड. गल्लोगल्ली फिरणारे विक्रेते कावडीच्या एका बाजूला शेगडी आणि पातेले, दुसऱ्या बाजूला वाडगे आणि मसाल्यांची भांडी घेऊन निघत. गिऱ्हाइकाने हाक मारली, की कावड खाली टेकवायची, वाडग्यात मसाले घालायचे, मूठभर शेवया उकळत्या पाण्यात सोडून वर काढायच्या आणि त्या मसाल्यावर उलट्या करायच्या. झाले! परतणे नाही, कढई उडवणे नाही. खांद्यावरून नेता येईल एवढ्याशा शेगडीवर जो पदार्थ होत असे, तो आपल्या गॅसवर न व्हायला काय झाले?

या पद्धतीचा सारा प्राण तिखट तेलात आहे. ते रविवारी सवडीने करून ठेवावे. एक वाटी म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर शेंगदाण्याचे तेल घ्यावे. सुक्या लाल मिरच्या ४० ग्रॅम. त्यांत तीन वाटे ब्याडगी आणि एक वाटा लवंगी. ब्याडगी रंगाला, लवंगी झोंबण्याला. नुसती लवंगी घेतली तर तेल तिखटजाळ होते पण फिके राहते, आणि नुसती ब्याडगी घेतली तर दिसायला झकास पण चवीला बापुडे. मिरच्या तव्यावर मंद आचेवर नुसत्या गरम करून कुरकुरीत कराव्यात आणि गार झाल्यावर खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये थांबून थांबून भरड कुटाव्यात. पूड करू नये. पूड तेलात पडताच जळते. खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर शेजारच्या बिऱ्हाडातूनही शिंका ऐकू येतील. ही भरड स्टीलच्या खोलगट भांड्यात काढून तिच्यात एक चमचा तीळ आणि चिमूटभर मीठ मिसळावे. प्लॅस्टिकचे भांडे घेऊ नये.

आता तेल गार असतानाच त्यात आल्याच्या चार चकत्या, दालचिनीचा लहान तुकडा, एक चक्रीफूल आणि बी काढलेली दहा तिरफळे टाकावीत आणि अगदी मंद आचेवर ठेवावे. आठ-दहा मिनिटांनी आल्याच्या कडा तांबूस होतील. मग सारे गाळून काढावे. राहिलेले तेल थोडे आणखी तापवून आच बंद करावी आणि मिरचीची एक पाकळी टाकून पाहावी. ती लगेच फसफसून वर आली आणि लालच राहिली, तर तेल योग्य तापले आहे. काळी पडली, तर दोन मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. इथे घाई करणाऱ्याचे सगळे तेल कडू होते, आणि त्याला उपाय नाही. तेल भरडीवर एकदम ओतू नये, तीन वेळा थोडे थोडे ओतावे आणि दर वेळी ढवळावे. रंग माणकासारखा येतो. गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. त्यात ओला चमचा घालू नये आणि कच्ची लसूणही घालू नये. तेलात बुडालेली कच्ची लसूण दिवसचे दिवस ठेवणे प्रकृतीला धोक्याचे असते. लसूण आयत्या वेळीच घ्यावी. हे तेल दुसऱ्या दिवशी अधिक खुलते आणि महिनाभर पुरवावे.

तिरफळ मुंबई-पुण्यात मालवणी मसाल्याच्या दुकानात मिळते. वाण्याकडे मागताना मात्र शब्द स्पष्ट उच्चारावा. तो सवयीने त्रिफळा चूर्ण पुढे करतो, आणि त्या चुर्णाच्या नूडल्स खाल्ल्या, तर दुसऱ्या दिवशी कामावर जाणे कठीण!

तिळाचे वाटण ही दुसरी तयारी. चार मोठे चमचे तीळ खमंग भाजून, दोन चमचे तेल घालून मिक्सरमध्ये मऊ वाटावेत. सिचुआनमध्येही या पदार्थात तिळाचे वाटण पुष्कळजण घालतात. तेव्हा हे काही आपले मराठी घुसडणे नव्हे. तीळ नसले तर दाण्याचे बारीक कूट चालेल, पण मग चव थोडी आपल्या आमटीकडे झुकते.

एवढे हाताशी असले, की कामाच्या दिवशीची रात्र अशी जाते. घरात पाऊल टाकताच मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी चढवावे. विजेची किटली असेल, तर निम्मे पाणी तिच्यात तापवावे, पाच मिनिटे वाचतात. पाणी उकळेपर्यंत वरचा मसाला करून घ्यावा. शाकाहारी घरांत पाव किलो फरसबी अगदी बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढी चिरून एक मोठा चमचा तेलावर सुरकुत्या पडेपर्यंत कोरडी परतावी. सुटलेले पाणी पूर्ण आटले पाहिजे. मग किसलेले आले आणि एक चमचा सोया सॉस. खाणाऱ्यांच्या घरी फरसबीऐवजी २०० ग्रॅम खिमा असाच कोरडा आणि तांबूस होईपर्यंत परतावा. मूळ पदार्थात खिम्याबरोबर मोहरीच्या पाल्याचे एक खारवलेले लोणचे असते. त्याची जागा मुळ्याचा पाला बऱ्यापैकी घेतो. पाला बारीक चिरून मीठ चोळावे, दहा मिनिटांनी घट्ट पिळावा आणि त्याच कढईत परतावा. मुळा आणल्यावर पाला टाकून देणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे.

आता वाडगे मांडावेत. प्रत्येक वाडग्यात सोया सॉस दोन चहाचे चमचे, व्हिनेगर एक, साखर पाव चमचा, तिळाचे वाटण एक मोठा चमचा आणि लसणीची अर्धी पाकळी किसून. चिनी लोक काळसर, मुरलेले व्हिनेगर वापरतात. आपल्याकडचे पांढरे व्हिनेगर अंमळ उद्धट असते, म्हणून साखरेऐवजी गूळ घातल्यास ते नरमते. गोव्याचे माडाचे व्हिनेगर घरात असेल, तर प्रश्नच नाही. मीठ वेगळे घालू नये, सोया सॉस स्वतःच पुरेसा खारट असतो. तिखट तेल मात्र अजून घालायचे नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

पाणी खळखळू लागले, की त्यात मोठा चमचाभर मीठ आणि माणशी ७५ ग्रॅम सुक्या नूडल्स सोडाव्यात. हाक्का नूडल्सचे साधे पाकीट चांगले. पाकिटावर जी वेळ छापली असेल, तिच्या अर्धा मिनिट आधी एक नूडल दाताने तोडून पाहावी. आत खडूसारखी रेघ दिसू नये, पण दाताला थोडा विरोध जाणवावा. नूडल्स चाळणीत ओतून पाणी मोरीत जाऊ देऊ नये! चिमट्याने किंवा झाऱ्याने वर उचलाव्यात, निथळू द्याव्यात आणि थेट वाडग्यात घालाव्यात. तत्पूर्वी त्याच पातेल्यातले दोन मोठे चमचे गढूळ पाणी प्रत्येक वाडग्यात घालून मसाला सैल करून घ्यावा. नूडल्सच्या पिठामुळे या पाण्याला दाटपणा असतो. तिळाचे वाटण त्यात एकजीव होते आणि प्रत्येक शेवईला अंगभर लागते. थंड पाण्याखाली नूडल्स धुण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती परतायच्या नूडल्ससाठी ठीक. इथे धुतल्या, तर मसाला त्यांच्यावरून घसरून खाली जातो. वर फरसबी वा खिमा, मुठीत चुरडलेले भाजके दाणे, कांद्याची हिरवी पात. तळापासून ढवळावे आणि लगेच खावे.

पातेल्यातले पाणी ठेवावे म्हटले, त्याला कारण आहे. आपल्या घरांतून सगळी माणसे एका वेळी जेवायला कुठे असतात? एकजण सातला येतो, कॉलेजची मुलगी क्लासहून साडेआठला, आणि कुणाची लोकल कुर्ल्याच्या पुढे सरकतच नाही. कढईत एकदम परतलेल्या नूडल्स पहिल्याला गरम मिळतात, दुसऱ्याला कोमट, आणि सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला कढईला चिकटलेला गार गोळा येतो. पुष्कळ घरांत हे इतके अंगवळणी पडले आहे, की तिलासुद्धा त्यात काही वावगे वाटत नाही. कावडीच्या पद्धतीत हा प्रकारच उरत नाही. ज्याची त्याची मूठ ज्याच्या त्याच्या वेळेला पाण्यात पडते. पाणी पुन्हा उकळायला दोन-तीन मिनिटे, नूडल्स शिजायला तीन-चार. वाडगे मांडून ठेवले असतील, तर साडेआठला येणारी मुलगी स्वतःचे स्वतः करून घेते आणि आईला जेवणावरून उठावे लागत नाही. गल्लीतला तो कावडवाला तरी दुसरे काय करीत होता? प्रत्येक गिऱ्हाइकाला ताजा वाडगा.

आणि तिखट तेल वाडग्यात आधी घालायचे नाही, तेही याचसाठी. बाटली मेजावर मधोमध ठेवावी. आजोबांच्या वाडग्यात तेलाचा थेंबही नको, नुसते तीळ, सोया सॉस आणि गूळ. त्यांना ते आवडते, मात्र त्याला 'चायनीज' न म्हणता 'तिळाच्या शेवया' म्हणावे. धाकट्याच्या वाडग्यात पाव चमचा आणि दाणे जास्त. कॉलेजकन्येला तळाचा गाळसुद्धा हवा असतो. तो आधी एक चमचाच द्यावा, मुंग्या यायला थोडा वेळ लागतो. एका कढईत केलेला पदार्थ घरातल्या सर्वांत कमी तिखट खाणाऱ्याच्या मापाने करावा लागतो आणि बाकीचे वरून सॉस ओतत कुरकुरत बसतात. हा झगडा इथे मिटतो.

ज्यांना अधिक 'मा' हवे असेल, त्यांनी तिरफळाची चार-सहा टरफले मंद तव्यावर मिनिटभर भाजून, कुटून, चाळून ठेवावीत आणि चिमूटभर वरून भुरभुरावीत. चिमूटभरच. तिरफळाचा सुगंध सिचुआन मिरीपेक्षा दांडगा असतो. जास्त झाला, तर वाडग्यात बांगडा शोधावासा वाटतो.

एवढे सांगूनही काही घरांत "आम्हाला गाडीवरच्याच हव्यात" असा हट्ट राहीलच. त्यांच्यासाठी थोडक्यात. नूडल्स सकाळीच अर्धवट उकडून, थंड पाण्यात धुऊन, चमचाभर तेल चोळून उघड्या ताटात गार कराव्यात आणि मग झाकून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. रात्रीपर्यंत त्या कोरड्या होतात, आणि कोरडेपणा हेच इथले मर्म. भाज्या चिरून फडक्यावर पसरून ठेवाव्यात. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवावी आणि एका वेळी दोनच माणसांपुरते परतावे. आधी भाजी, ती काढून नूडल्स, मग दोन्ही एकत्र. सोया सॉस मधोमध न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावा, म्हणजे तो चर्रकन जळून थोडा गाडीचा वास येतो. नॉनस्टिक भांडे यासाठी नको, ते इतके तापवायचे नसते. चौघांसाठी दोनदा परतावे लागेल, आणि म्हणूनच कामाच्या दिवशी मी तो सल्ला देत नाही. शनिवारी खुशाल करावे.

तिखट तेल मात्र दोन्हींकडे चालते, आणि नूडल्स नसतील त्या दिवशीही ते बाटलीत स्वस्थ बसत नाही. पिठल्यावर अर्धा चमचा, मुगाच्या खिचडीवर, दहीभातावर, उकडलेल्या अंड्यावर, थालीपीठाबरोबर लोण्याच्या शेजारी. फराळातला चिवडा नरम पडला असेल, तर तो कढईत कोरडा गरम करून त्यावर चमचाभर गाळ टाकून पाहावा. बाटलीवर केल्याची तारीख मात्र चिकटवावी, आणि ती फ्रीजमध्ये गुलाबजामच्या पाकाच्या बाटलीपासून दूर ठेवावी. दिवाळीच्या दिवसांत दोन्हींचा रंग बराचसा सारखा दिसतो.